इंजिनियरची विद्या आणि तिचें ऋण

मुलास इंजिनियर करण्यास किती रुपये लागतील आणि ते किती वर्षांत फिटतील, हा हिशेब आज मध्यम स्थितींतील घरांत बारावीचा निकाल लागण्यापूर्वींच मांडला जातो. यांत कित्येकांस विद्येची विटंबना दिसते. आम्हांस दिसत नाहीं. ही विद्या आपल्याकडे आली तीच मुळीं हिशेबाच्या वहींतून. पुण्यास १८५४ सालीं इंजिनियरिंगचा वर्ग व यंत्रशाळा निघाली, ती सरकारास इमारती, धरणें, कालवे व पूल यांच्या कामांवर दुय्यम दर्जाचे अंमलदार हवे होते म्हणून. १८६६ सालीं ही संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली आणि तिच्यांतून विद्यापीठाची परीक्षा दिलेले इंजिनियर बाहेर पडूं लागले. तथापि शिकविणारा धनी आणि नोकरी देणारा धनी बहुतांशीं एकच राहिला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें उदाहरण पाहूं. वडील लहानपणींच वारलेले. बंगळुरास शिकवण्या करून त्यांनीं १८८१ सालीं बी. ए. ची परीक्षा दिली. म्हैसूर सरकारनें शिष्यवृत्ति देऊन त्यांस पुण्याच्या सायन्स कॉलेजांत पाठविलें, १८८३ सालीं ते एल. सी. ई. च्या परीक्षेंत पहिले आले, आणि १८८४ सालीं मुंबई सरकारनें त्यांस असिस्टंट इंजिनियर नेमलें. परीक्षा आणि पगार यांमधील अंतर अवघें कांहीं महिन्यांचें! गंमत अशी कीं, पैसा म्हैसूरचा आणि चाकरी मात्र मुंबईची. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे मुंबई इलाख्यास मिळाले. म्हैसुरास आपला इंजिनियर लाभला तो १९०९ सालीं. पण पंचवीस वर्षांचा हा खोळंबा सोसला तो म्हैसूरच्या खजिन्यानें, विद्यार्थ्याच्या विधवा आईनें नव्हे.

विलायतेंतील गोष्टहि याच मासल्याची. हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठीं इंजिनियर तयार करण्यास कूपर्स हिल येथें १८७१ सालीं कॉलेज स्थापन झालें. वार्षिक फी १५० पौंड, ही त्या काळीं लहान रक्कम नव्हे. तरी इंग्रज आईबाप ती भरीत, कारण पुढें हिंदुस्थानांतील नेमणूक दिसत असे. तिचा पगार कोणाच्या खजिन्यांतून जाई, हें सांगावयास नको. १९०६ सालीं तें कॉलेज बंद झालें. असो.

महाराष्ट्रांत पासा पालटला तो १९८३ सालीं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतां विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांस परवानगी मिळाली. त्यापूर्वीं जागा इतक्या थोड्या कीं, ऐपत असलेल्यांचीं मुलें कर्नाटकांत देणग्या भरून शिकत. तालुक्यांतल्या मुलांस घराजवळ कॉलेज मिळालें, हा लाभ आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. परंतु आतां शिकविणाऱ्यानें नोकरीची हमी घ्यावयाची नाहीं, आणि फी मात्र आगाऊ घ्यावयाची, असा प्रकार झाला. २००१ सालीं बँकांची आदर्श शैक्षणिक कर्जयोजना आली, आणि ऋणको-धनकोचें नातें तिसऱ्याच ठिकाणीं जडलें. शिकविणारी संस्था एक, कर्ज देणारी बँक दुसरी, पगार देणारी कंपनी तिसरी. नोकरी न लागल्यास पहिला तडाखा घरासच बसतो, कारण कर्जाच्या कागदावर बापाचीहि सही असते.

आंकडेच घ्या. कर्ज ५ लाखांचें, व्याज १० टक्के, फेड १० वर्षांत, असें धरिलें तर हप्ता दरमहा सुमारें ६,६०० रुपये येतो आणि एकंदर भरणा ८ लाखांच्या घरांत जातो. शिकतांना चढलेलें व्याज निराळेंच. पगार ४०,००० असला तर हप्ता त्याचा सहावा हिस्सा. १८,००० असला तर तिसऱ्या हिश्शाहूनहि अधिक. म्हणून जाहिरातींतील सर्वांत मोठ्या पगारावर मांडलेला हिशेब हा हिशेबच नव्हे, असें आमचें मत आहे. वर्गांतील तळच्या मुलांस काय मिळालें, आणि किती जणांस वर्षभर कांहींच मिळालें नाहीं, हें प्रवेशापूर्वीं विचारावें. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली तर तेंहि उत्तरच समजावें.

खर्चाच्या बाजूस आणखी एक रक्कम बहुधा लिहावयाची राहते. थोरल्याचा हप्ता चालू असतां धाकट्या बहिणीनें इंजिनियरिंगचें नांवच काढलें नाहीं, जवळच्या कॉलेजांत जें मिळालें तें घेतलें, अशीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत. आणि त्या घरांत या गोष्टीची वाच्यता कोणी करीत नाहीं.