तळटीप : गायकवाड, दावडी ते बडोदा

* चऱ्होलीच्या उत्तरेला, खेड तालुक्यातील दावडी हे बडोद्याच्या गायकवाडांचे गाव. हे आडनाव गुजरातेत पोहोचले ते तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या फौजेबरोबर. १७२० साली बाळापूरच्या लढाईत दमाजी गायकवाडांनी पराक्रम गाजवला; शाहू महाराजांनी त्यांना ‘समशेरबहादूर’ हा किताब दिला. पुतणे पिलाजीरावांनी सोनगडला ठाणे केले. १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला, तरी घराण्याने गुजरात सोडला नाही.

१७३४ पासून बडोदा गायकवाडांकडेच राहिले.

पुढे वारसाचा प्रश्न आला, तेव्हा महाराष्ट्रातल्या भाऊबंदांचा शोध घेतला गेला. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक गेला आणि सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर बसला. प्रस्तुत प्रकरणात ‘गायकवाड’ म्हणजे हीच शाखा. परिसरातील इतर गायकवाड कुळे त्यात धरलेली नाहीत. — संपा.