काओरची काळी वाइन

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात लॉत नदी वळणं घेत वाहते. अशाच एका वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं काओर गाव आहे. १३०८ साली बांधायला घेतलेला वालांत्रे पूल आणि जवळजवळ काळी दिसणारी गडद वाइन, या दोन गोष्टींसाठी ते ओळखलं जातं. पूल जागच्या जागी उभा राहिला. वाइनला मात्र शतकानुशतकं दुसऱ्यांच्या मर्जीवर जगावं लागलं.

तिचा रंग मालबेक द्राक्षाचा. काओरचे लोक या द्राक्षाला को किंवा ओसेरवा म्हणतात. प्र्युनलार आणि माग्दलेन न्वार दे शारांत या दोन जुन्या जातींच्या संकरातून ते जन्मलं, हे जनुकीय तपासणीत दिसून आलं आहे. यातली दुसरी जात मेर्लोचीही आई, त्यामुळे मालबेक आणि मेर्लो ही एकाच आईची लेकरं. मालबेकमध्ये रंग आणि तुरट टॅनिन दोन्ही भरपूर. शिवाय जुने लोक द्राक्षाचा काही रस उकळून आटवत आणि उरलेल्या रसात मिसळत. त्यातून बनलेल्या वाइनला ‘काळी वाइन’ असंच नाव पडलं.

हा माल समुद्रापर्यंत नेण्याची वाट एकच होती. सपाट तळाच्या नावांमधून लॉत, तिथून गारोन नदी आणि शेवटी बोर्दोचं बंदर. बंदर बोर्दोकरांच्या मुठीत, आणि १३व्या शतकात त्या मुलखावर सत्ता इंग्लंडच्या राजाची. बोर्दोने राजाकडून सवलती मिळवल्या: नदीच्या वरच्या अंगाची वाइन ठरलेल्या मुदतीआधी बंदरात विकायला आणायची नाही. तोवर शरद ऋतूत आलेली इंग्रज जहाजं बोर्दोचा माल भरून निघून गेलेली असत. पुढे बोर्दोचे व्यापारी आपल्या फिकट वाइनला रंग आणि जोर यावा म्हणून हीच काओरची वाइन तिच्यात मिसळू लागले. म्हणजे कष्ट एका गावाचे आणि नाव दुसऱ्याचं! १७७६ साली अर्थमंत्री त्युर्गो यांनी या सवलती मोडीत काढल्या, तेव्हा कुठे नदी खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

शंभर वर्षांतच फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली आणि बागा उजाड झाल्या. अमेरिकी खुंटांवर कलमं बांधली तर मालबेकचा मोहोर गळू लागला, म्हणून अनेकांनी भरघोस पिकणाऱ्या सामान्य संकरित जाती लावल्या. राहिलं साहिलं ते फेब्रुवारी १९५६च्या भीषण गोठणीने नेलं. पण याच आपत्तीमुळे बागा नव्याने लावाव्या लागल्या, आणि या वेळी शेतकऱ्यांनी निवडक मालबेकच लावलं. हा निर्णय धाडसाचा होता. काओर आज नकाशावर आहे ते त्यामुळेच. १९७१ साली या वाइनला मूळस्थानाचा कायदेशीर दर्जा मिळाला. नियमानुसार तिच्यात किमान ७० टक्के मालबेक हवं, उरलेलं मेर्लो किंवा ताना.

दरम्यान मालबेक परदेशी स्थिरावलं होतं. कृषितज्ज्ञ मिशेल पुजे यांनी १८५३ साली फ्रेंच द्राक्षांची रोपं अर्जेंटिनात मेंदोसाला नेली आणि तिथे ते असं फोफावलं, की आज अनेकांना ते अर्जेंटिनाचंच वाटतं.

या वाइनसोबत काय खावं, याचं उत्तर तिथल्या स्वयंपाकघरातच मिळतं. बदकाची तंगडी मिठात मुरवून तिच्याच चरबीत मंद आचेवर शिजवायची, म्हणजे झालं काँफी. पांढरा घेवडा, सॉसेज आणि काँफी एकत्र रटरटवून होतो कासुले. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून नुसती वाइन प्यायली तर तोंड कोरडं पडतं. सोबत मांस आणि चरबी आली की तुरटपणा निवतो आणि जांभळट फळांची चव वर येते. नाजूक मासळीबरोबर ती घेऊ नये, मासळीची चवच लागणार नाही. हिवाळ्यात जवळच्या लालबांक गावात दर मंगळवारी काळ्या ट्रफलचा बाजार भरतो. त्या मातकट सुवासाच्या बुरशीला मात्र दहा-बारा वर्षं मुरलेली, मवाळ झालेली बाटलीच शोभते.

या भागातल्या शेतकऱ्यांची आवडती रीत याहून साधी आहे. सूप संपत आलं, की तळाशी उरलेल्या गरम रश्श्यात लाल वाइन ओतायची, वाडगा गोल फिरवायचा आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावायचा. याला ते शाब्रो म्हणतात.