खाट कुणाची?

बोरगाव मेघेत बोलायचं म्हणून विषय शोधायला फार लांब जावं लागलं नाही. एका अंगाला सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, १९६९ चं. दुसऱ्या अंगाला सावंगीचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज, १९९० चं. दरवर्षी शेकडो पोरंपोरी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी या परिसरात येतात आणि 'पेशंट' हा शब्द पहिल्यांदा तोंडात घेतात. मी डॉक्टर नाही, माझी डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली. तिनं कुणाचा ताप उतरत नाही. पण एक प्रश्न मला जुना छळतो. विद्यार्थ्याला रोग्यापुढे पहिल्यांदा उभं करायचं, तर ते कुठं?

'क्लिनिक' हा शब्द मूळ ग्रीक, त्यात खाट आहे. खाटेपाशी जाऊन शिकायचं ते क्लिनिकल. खाट कुणाची, हे मात्र शब्द सांगत नाही.

आपल्याकडे ती रोग्याच्या घरची होती. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात गुरू शिष्याला उपदेश करतो. त्यात रोग्याच्या घरी कसं शिरायचं हे बारकाईनं आलंय. ओळखीच्या माणसासोबत, परवानगी घेऊन जा. आत गेल्यावर मन, वाणी, बुद्धी रोग्याखेरीज दुसरीकडे लावू नको. घरातलं जे दिसेल ते बाहेर बोलू नको. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा विवेक वाचून ऊर भरून येतो, पण जरा थांबा. त्याच उपदेशात कुणाला औषध द्यायचं नाही याचीही यादी आहे: राजाचे शत्रू, दुराचारी, आणि पती वा पालक जवळ नसलेली स्त्री. चरकाची शपथ आज विद्यार्थ्यांकडून घेतली जाते, तेव्हा ही पानंही त्यांना दाखवावीत असं माझं मत आहे.

पुढे खाट दवाखान्यात गेली. पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयांत गरीब माणूस येई, उपचार फुकट मिळत, आणि त्या बदल्यात त्याचं शरीर शिकण्यासाठी उघडं होई. मिशेल फूको यानं १९६३ च्या आपल्या ग्रंथात हा व्यवहार उलगडून दाखवलाय. १८१६ साली लेनेकनं कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप निघाला. ऐकू स्वच्छ यायला लागलं, पण कान आणि छाती यांच्यात एक वस्तू आली. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं ते जे. जे. रुग्णालयाला जोडूनच. तिथून १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ दाजी होते. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला ऑस्लरनं विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकांवरून उठवून वॉर्डात नेलं. ही सुधारणा मोठीच, नाही म्हणत नाही मी. पण वॉर्डात खाट संस्थेची असते. रोगी तिथं पाहुणा असतो आणि पाहुण्याला फार बोलता येत नाही.

आता सेवाग्राम. १९३६ मध्ये गांधीजी शेगावात राहायला आले. ते गाव म्हणजे काही रम्य खेडं नव्हतं. मलेरिया होता, आणि त्या साली गांधीजींनाही तो झाला. १९३९ च्या सुमारास सुशीला नय्यर आल्या, प्यारेलाल यांची धाकटी बहीण, नुकत्याच डॉक्टर झालेल्या. आल्या आल्या कॉलऱ्याची साथ. विचार करा, तिशीही न गाठलेली मुलगी, भाषा परकी, आणि टोचून घ्यायला लोक घाबरतात. दारोदार गेल्याशिवाय ते काम होण्यासारखं नव्हतंच.

त्याच काळात परचुरेशास्त्री आश्रमात आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातली ओळख, आणि अंगावर कुष्ठरोग. त्यांच्यासाठी झोपडी बांधली गेली आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. ती झोपडी आजही दाखवतात. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. मला वाटतं, ज्याला रोग बरा करता येत नाही त्यानं रोग्याजवळ काय करायचं, याचं आपल्या भागातलं सगळ्यात स्पष्ट उत्तर त्या झोपडीत आहे.

उत्तर सोपं आहे असं समजू नका. २२ फेब्रुवारी १९४४ ला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या, तेव्हा सुशीलाबाई त्यांच्याजवळ होत्या. देवदास गांधींनी पेनिसिलीन मिळवलं होतं. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. बरोबर होतं का? माझ्या वर्गात या प्रश्नावर मुलं भांडत, आणि मी भांडू देत असे. पुढे कस्तुरबांच्या नावानं सेवाग्रामात स्त्रिया आणि मुलांसाठी छोटं रुग्णालय सुरू झालं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुशीलाबाईंनी त्याच्याच आधारानं मेडिकल कॉलेज काढलं. तोवर त्या केंद्रात आरोग्यमंत्रीही होऊन गेल्या होत्या.

या कॉलेजात पद्धत अशी पडली की नव्या मुलांनी आधी पंधरवडाभर आश्रमात राहायचं. झाडलोट, श्रमदान, सूतकताई, प्रार्थना. अंगावर खादी. मग एका गावात शिबिर. एकेका विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवायची, आणि पुढेही त्या घरी जात राहायचं. म्हणजे हाडांची नावं पाठ होताहेत तोवरच पोरगं कुणाच्या तरी ओसरीवर बसलेलं असतं. बाज घरधनिणीची असते. बस म्हटलं तर बसायचं. वॉर्डात 'हिमोग्लोबिन कमी' एवढंच लिहिलं जातं. घरात दिसतं की बाई सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवते, आणि तेव्हा टोपल्यात काय उरलेलं असतं.

मुलं कुरकुरत नाहीत असं नाही. झाडू मारायला आलो का, असं म्हणणारे असतातच, आणि सगळ्यांनाच त्यातून काही मिळतं असा माझा दावा नाही.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात देशभर सुरुवातीचा महिनाभराचा पायाभूत वर्ग आला, आणि पहिल्याच वर्षी रोग्यांची भेट आली. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं 'दत्तक' घ्यावीत असं ठरवलं. सेवाग्रामचीच रीत ही, पण शब्दाशी माझं भांडण आहे. अठरा वर्षांचं पोर सत्तरीच्या आजीला दत्तक कसं घेणार? दत्तक घेतल्यावर घर घेणाऱ्याचं होतं, आणि खाट पुन्हा आपलीच ठरते.

दुसरी भीती रजिस्टरची. भेट दिली, वजन घेतलं, बीपी लिहिलं, सही. पाचव्या भेटीला आजी विचारते, "बाबू, मागच्या वेळी तू रक्त नेलं होतं, त्याचं काय झालं?" ते सांगायला रकाना नसतो. ज्यांच्या घरून आपण शिकतो त्यांना शिकवणीच्या बदल्यात निदान आपला रिपोर्ट कळायला हवा की नको? यावर समोर बसलेल्या मेडिकलच्या मुलांनीच आता बोलावं. माईक तिकडे द्या.