इंधन-अंतःक्षेपण रूपांतर (जुनी पेट्रोल इंजिने)

कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या ट्रक, जीप वा सैनिकी वाहकाच्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाद्वारे पेट्रोल फवारणारी यंत्रणा बसवणे. महाराष्ट्रात हा विषय मालट्रकांपेक्षा जीपांशी अधिक निगडित आहे. मुंबईत जनरल मोटर्सने शिवडीला १९२८पासून आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला १९४७पासून जुळवलेले ट्रक मुख्यतः पेट्रोलचे होते. १९५४ साली टाटा-मर्सिडीज आला आणि मालवाहतूक डिझेलकडे वळली. पुढे पेट्रोल इंजिने प्रामुख्याने महिंद्राच्या जीपांत आणि जबलपूरला बनलेल्या जोंगा व निसान १ टन वाहकांत (सहा सिलिंडर, ३,९५६ घ. सेंमी.) टिकून राहिली.

हरिकेन इंजिन : महिंद्रा जीपमधील चार सिलिंडरी, २,१९९ घ. सेंमी.चे इंजिन. अंतर्ग्रहण झडपा हेडमध्ये आणि निष्कास झडपा ब्लॉकमध्ये, ही त्याची रचना रूपांतराची दिशा ठरवते. यात सुटी अंतर्ग्रहण नलिका नाही. हवेचे मार्ग हेडमध्येच ओतलेले असून कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर द्यायचा तर ओतीव हेडला भोके पाडावी लागतात, आणि तेथे पाण्याच्या जॅकेटला धक्का लागण्याचा धोका असतो. कार्ब्युरेटरच्या जागी फ्लँज करून थ्रॉटल बॉडी व तिच्यातच इंजेक्टर बसवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग. मात्र थंड इंजिनात फवाऱ्याचे पेट्रोल मार्गांच्या भिंतींना चिकटते. इंजिन तापेपर्यंत मिश्रण बरेच श्रीमंत (पेट्रोल जास्त असलेले) ठेवावे लागते. निसानची अंतर्ग्रहण नलिका सुटी असल्याने ती कामाच्या बाकावर घेऊन तिला इंजेक्टरांच्या बैठका (बॉस) जोडता येतात.

कामाचा मोठा भाग यंत्रशाळेचा आहे. क्रँकच्या पुलीवर ३६ वजा १ दात्यांची चकती बसवून संवेदक तिच्यापासून साधारण १ मिमी. अंतरावर ठेवतात, चकती डगमगली तर नियंत्रकाला क्रँकची जागा चुकीची कळते आणि गाडी मिस करते. अशा कामाची कोल्हापुरात परंपरा आहे: यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्रींच्या पिढीपासून शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे ओतकाम, बोरिंग आणि कातकाम चालत आले आहे. पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील वसाहतींत वाहनांचे ओतीव भाग, पिस्टन व बेअरिंग बनू लागले. फ्लँज आणि चकतीसाठी कोल्हापूरकराला शहराबाहेर जाण्याचे कारण नाही.

इंधन व वीज : जुना पडदा-पंप जेमतेम पाव ते अर्धा बार दाब देतो, थ्रॉटल बॉडीला सुमारे १ आणि स्वतंत्र इंजेक्टरांना सुमारे ३ बार लागतो. म्हणून विजेचा पंप, दाबनियामक, टाकीकडे परतीची नळी आणि दाब सोसणारे होज आवश्यक. जुने रबर ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. पंप व नियंत्रकाला जास्त वीज लागत असल्याने डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवतात. सैनिकी गाड्यांची यंत्रणा २४ व्होल्टची असते, त्यामुळे नियंत्रकासाठी व्होल्टेज उतरवावे लागते.

मिश्रण : कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर आहे. करूळ किंवा फोंडा घाट उतरला की थोड्याच अंतरात हवा दाट होते, कार्ब्युरेटरचे जेट मात्र तेच राहते. तरीही घाटाचा परिणाम काही टक्क्यांचाच असतो. इथेनॉलचा त्याहून मोठा. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४·७ पट हवा लागते, २०% इथेनॉल मिसळल्यावर सुमारे १३·५ पट. म्हणजे जुन्याच जेटवर इंजिन गरीब (पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणावर चालते आणि झडपा तापतात. २०२३पासून टप्प्याटप्प्याने आलेले हे मिश्रण कोल्हापूरसारख्या उसाच्या जिल्ह्याला हिताचे आहे. जुन्या इंजिनाला मात्र त्याची सवय लावून द्यावी लागते. दाब, तापमान व ऑक्सिजन संवेदकांच्या साह्याने नियंत्रक हा फरक भरून काढतो. नियंत्रकातील इंधनाचा तक्ता आधी रिकाम्या गाडीवर, मग भार घेऊन घाटचढणीला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जुळवावा. सपाट रस्त्यावरची जुळणी चढावर उघडी पडते.

प्रज्वलन : पॉइंट काढून डेल्कोऐवजी (डिस्ट्रिब्यूटरऐवजी) कॉइल-पॅक वापरता येतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ने वाहनातील बदलांवर मर्यादा घातली आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९च्या निकालाने ती अधिक काटेकोर झाली. केवळ इंधनप्रणाली बदलणे त्यात कितपत मोडते, याचा अर्थ सर्वत्र सारखा लावला जात नाही. परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज क्रमांक मिळण्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते. यासाठीही हेडला भोक न पाडता फ्लँजवर केलेले रूपांतर श्रेयस्कर: बोल्ट काढून कार्ब्युरेटर परत चढवता येतो.