मातृभाषा : मराठी

होसूर रस्त्यावर बस थांबते, तुम्ही उतरता आणि साल असतं १९८२. किदवाई कॅन्सर संस्थेत बाकावर एक बाई बसली आहे, सोबत दोन मुलगे. थोरला असेल तेरा-चौदाचा. मानेवर डावीकडे सुपारीएवढी गाठ. सहा महिने गंडमाळ समजून टीबीची औषधं झाली. मग गाठीचा तुकडा तपासला आणि नाव कळलं : हॉजकिन्स नावाचा कॅन्सर.

टेबलावर फॉर्म आहे. मद्रासबरोबर बंगळूरचीही कॅन्सर नोंदणी याच वर्षी १ जानेवारीला सुरू झाली. वय, पत्ता, मातृभाषा... बाई म्हणते, "मराठी." घर कॉटनपेटेत, आजेसासऱ्यांपासून शिवणकाम.

तुमचं मराठी ऐकून ती जवळ सरकते. "ताई, हा पोटात असताना ग्रहणात मी भाजी चिरली. त्यानंच का हो?"

"नाही हो. तुमचं काहीच चुकलं नाही."

हे तुम्ही ठामपणे सांगू शकता. पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. आत शिरलेल्या विषाणूचा तुकडा ती बाहेर धरून दाखवतात, मग संरक्षक पेशी चाल करून येतात. या एचएलएचा हॉजकिन्सशी काही संबंध असावा, हे फ्रान्समध्ये आमिएल या संशोधकांनी १९६७ सालीच नोंदवलं होतं. पुढे उलगडलं ते असं : काही हॉजकिन्स गाठींत एपस्टाइन-बार विषाणू सापडतो. तो जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात निजलेला असतो, तुमच्याही. एचएलएचा ए२ हा प्रकार त्याचे तुकडे नीट दाखवतो, म्हणून या प्रकारच्या गाठींचा धोका कमी होतो. ए१ असलेल्यांत तो वाढतो. पण हे दिसलं ते युरोपातल्या रुग्णांत. कॉटनपेटेतल्या मुलाचं रक्त त्या अभ्यासांत नव्हतं, आणि ही उणीव मला फार लागते. फॉर्मवर मातृभाषेला रकाना आहे, एचएलएला नाही.

यातलं तिला किती सांगायचं? तुम्ही एवढंच सांगता, की गाठ औषधांनी विरघळते, पुष्कळ मुलं बरी होतात.

"आणि धाकट्याला?"

एचएलएचा अर्धा वाटा आईकडून येतो, अर्धा बापाकडून. दोन्ही वाटे थोरल्यासारखेच मिळण्याची शक्यता चारात एक. ते मिळाले तरी हा आजार होणं दुर्मीळच. ए१ घेऊन जन्मलेल्या बहुतेकांना तो आयुष्यभर शिवत नाही.

ती मान डोलावते. पण बोटं केव्हाच धाकट्याच्या कॉलरखाली गेलेली असतात, कानामागून गळ्यापर्यंत हळूहळू चाचपत. त्याला गुदगुल्या होतात.