वेड, विकार आणि कोल्हापूरचें प्रकरण

टेंभू हें सातारा जिल्ह्यांतील, कऱ्हाडजवळचें लहानसें गांव. तेथें १८५६ सालीं जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें मराठी रूपांतर करून त्यास 'विकारविलसित' असें नांव दिलें. तें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढें साताऱ्याचेंच नांव धारण करणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीनें रंगभूमीवर गाजविलें. हें नाटक शिकवितांना राजपुत्र खरा वेडा कीं सोंग करणारा, हा प्रश्न आमच्या वर्गांत दरवर्षीं ठरलेला. गेल्या वर्षीं सांगलीकडच्या एका विद्यार्थ्यानें मात्र निराळेंच विचारलें: "सर, त्याच्या मेंदूंत नेमकें काय बिघडलें होतें?" वर्ग हसला, आम्हीही हसलों. घरीं परततांना वाटलें, हंसण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें.

वेडाचें मूळ शरीरांत शोधण्याची दृष्टि पश्चिमेकडूनच आली, असा समज आमच्या सुशिक्षितांत फार. चरकानें उन्मादाचे पांच प्रकार सांगितले, त्यांपैकीं चार वात, पित्त, कफ व सन्निपात यांचे. भूतपिशाच्चादिकांच्या बाधेस त्यानें 'आगंतु' म्हणून पांचवी जागा दिली. परंतु दोष बिघडण्याच्या कारणांत त्यानें विरुद्ध आहाराशेजारीं भय व हर्ष यांच्या आघातांसही बसविलें आहे. मराठींतील 'विकार' शब्द असाच दुहेरी आहे: पोटाचाही विकार आणि मनाचाही. आगरकरांनीं तो नाटकाच्या मथळ्यावर घातला तेव्हां त्यांच्या मनांत काय होतें हें सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण त्याच सुमारास एका खऱ्या राजाच्या वेडानें त्यांस तुरुंग दाखविला होता, हें विसरतां येत नाहीं.

तो राजा सांगलीच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानचा. चवथे शिवाजी महाराज १८६३ सालीं जन्मले व १८७१ सालीं दत्तक म्हणून गादीवर आले. पुढें त्यांचें डोकें फिरल्याची वार्ता उठली. सरकारपक्षाचें म्हणणें, महाराजांस वेडाचा रोग आहे. 'केसरी' व 'मराठा' यांचें म्हणणें, महाराजांचा छळ चालला आहे व त्यानें त्यांस वेड लावण्यांत येत आहे. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारीं पत्रें छापलीं गेलीं, बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रें बनावट ठरलीं. १८८२ च्या जुलैंत टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून डोंगरीच्या तुरुंगांत त्यांचे १०१ दिवस गेले.

या प्रकरणाची कथा आमच्याकडे देशभक्तीचा पहिला अध्याय म्हणून सांगतात. आम्हांस तींत दुसरेंही दिसतें. पत्रें खोटीं ठरलीं म्हणजे छळ झालाच नाहीं असें सिद्ध होत नाहीं. आणि रोग खरा मानला तरी रोग्यास कसें वागविलें हा प्रश्न उरतोच. पण वेड शरीराचें ठरलें कीं तो प्रश्न विचारण्याची गरज राज्यकर्त्यांस भासेना, आणि छळाचें ठरलें कीं रोगाकडे पाहण्याची गरज संपादकांस भासेना.

शरीरपक्षास पुढें भक्कम पुरावे मिळाले. १९१३ सालीं नोगुची व मूर यांनीं पक्षघातयुक्त वेडाच्या रोग्यांच्या मेंदूंत उपदंशाचे जंतु दाखविले. वेडाचा एक मोठा प्रकार त्या दिवसापासून निःसंशय शरीराचा झाला. सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावरील गुण १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं इंग्रजींत मांडला. सांगली-मिरजेच्या वाटेवरील वानलेसवाडीचें क्षयरुग्णालय आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्या क्षयावरीलच एका औषधानें अमेरिकेंतील रोगी १९५२ सालीं विलक्षण उल्हसित झाले, आणि खिन्नतेचें मूळ मेंदूंतील रसायनांच्या उणिवेंत आहे हा सिद्धान्त अशाच योगायोगांतून निघाला. आज तो इतक्या सरळ रूपांत फारसे शास्त्रज्ञ मानीत नाहींत. औषध लागू पडतें एवढ्यावरून रोगाचें कारण कळलें असें होत नाहीं. तापावर गोळी उतारा देते म्हणून ताप गोळीच्या अभावानें आला असें कोण म्हणेल?

तरीही त्या विद्यार्थ्याचा प्रश्न आम्हांस मोलाचा वाटतो. त्याच्या घरीं असा एक रोगी आहे, हें त्यानें मागाहून सांगितलें. आणि 'मेंदूचा आजार' हे डॉक्टरांचे शब्द ऐकल्यापासून त्याच्या आईस शेजारणींचे टोमणे ऐकावे लागत नाहींत, हेंही. या समाधानास अपुरें शास्त्र म्हणून हिणविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यास आम्हीं एवढेंच विचारलें, रोग्याशीं घरांत कोण बोलतें? तो बराच वेळ गप्प राहिला.

महाराजांस अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. २५ डिसेंबर १८८३ रोजीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, गोऱ्या रक्षकाशीं झालेल्या झटापटींत ते मरण पावले.