नावांचा राखणदार

दीर्घायुष्य हे स्वतःच काही मोठे भूषण नव्हे. माणूस किती वर्षे जगला यापेक्षा, तो गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या हाती काय उरले, हाच प्रश्न विचारण्याजोगा असतो. दि. 18 जून 2025 रोजी मारुती चितमपल्ली सोलापुरास निवर्तले, तेव्हा त्यांच्या वयास 92 वर्षे पूर्ण झाली होती. ती वार्ता आम्हांस दुधनीस कळली, त्या वेळी हा प्रश्न आमच्यापुढे विशेषच उभा राहिला. कारण थोड्याच दिवसांपूर्वी आमच्या घरातील थोरले काका गेले होते.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, सोलापूर-वाडी लोहमार्गावरील बाजाराचे गाव. कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर. येथे कित्येकांच्या घरात कानडी आणि व्यवहारात मराठी नांदते. चिमणीस गुब्बी, मोरास नविलू, तुरीस तोगरी म्हणत मूल मोठे होते आणि शाळेत जाऊन तीच नावे मराठीत शिकते. आमच्या काकांस बांधावरच्या बहुतेक गवतांची व पाखरांची नावे दोन्ही भाषांत येत. कुटुंब सांभाळून, अडल्यानडल्याच्या कामास धावून, उरलेला वेळ त्यांनी शिवारातच काढला. ती नावे एकदा लिहून घ्यावी असे आम्ही कित्येक वर्षे म्हणत होतो. लिहिली मात्र नाहीत.

जे आमच्या हातून झाले नाही, तेच चितमपल्ली यांनी जन्मभर केले. त्यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1932 चा, सोलापूरचा. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे व हातमागांचे शहर. तेथे अरण्य कोठून असणार! परंतु रानाची ओढ त्यांस घरातच लागली. झाडांची व पाखरांची ओळख करून देणारी आई आणि रानवाटा दाखविणारे मामा, हेच त्यांचे पहिले गुरू. पुढे कोईमतूर येथील वनविद्यालयात शिक्षण घेऊन ते वनखात्याच्या सेवेत शिरले व 1990 साली निवृत्त झाले. मधल्या काळात कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा अरण्यांत त्यांचे वास्तव्य घडले.

सरकारी अंमलदार जंगलात जातो तो बहुधा हुकूम देण्यासाठी. चितमपल्ली विचारण्यासाठी गेले, हे त्यांचे वेगळेपण. गोंड, कोरकू, तळ्यावरचे ढीवर यांच्यापाशी बसून त्यांनी पाखरांच्या सवयी, झाडांचे गुण आणि माशांची नावे ऐकली व ती रोजनिशीत टिपून ठेविली. या टिपणांच्या जोडीस त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. त्यातूनच ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र आणि ‘पक्षिकोश’ अशी ग्रंथसंपदा उभी राहिली. जेथे मराठीस शब्द नव्हता तेथे त्यांनी तो दिला. कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’, बगळ्यांच्या विणीच्या जागेस ‘सारंगागार’, पाखरे रात्री विसावतात त्या ठिकाणास ‘रातनिवारा’. हे शब्द ऐकताच उमगतात, यातच त्यांचे यश आहे.

सोलापुरास 2006 साली भरलेल्या 79 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जन्मगावाने आपल्या पुत्रास दिलेला तो मान होता. त्यांचा व डॉ. सालीम अली यांचा जन्मदिवस साधून 5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. 2025 साली पद्मश्रीही मिळाली. उत्तरायुष्यात ते सोलापुरासच परतले होते.

येथे कोणी विचारील, की नुसत्या नावांनी पाखरे वाचतात काय? वाचत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. आमच्याच जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 पासूनचे; नाव कायम आहे, आणि माळढोक मात्र दृष्टीस पडणे दुर्मिळ होऊन बसले आहे. तथापि ज्यास नाव आहे त्याचीच उणीव भासते. माळावरून एखादे पाखरू नाहीसे झाले आणि त्याचे नावच कोणास ठाऊक नसेल, तर काही गेले आहे हेदेखील कळत नाही. म्हणून नावे राखणे ही समाजसेवाच होय, असे आम्ही मानतो. विहीर बांधणे वा धर्मशाळा उभारणे यांहून ती कमी नव्हे. तिला पैसा लागत नाही. लागते ती रानात जाण्याची हौस, आणि आपल्याहून कमी शिकलेल्यापुढे विद्यार्थी होऊन बसण्याची तयारी.

ही तयारी आम्ही काकांच्या हयातीत दाखविली नाही, याची खंत आता जावयाची नाही. गेल्या सुगीत काकूंस घेऊन आम्ही बांधावर गेलो. काकांच्या तोंडून ऐकलेली जेवढी नावे त्यांस आठवली, तेवढी एका वहीत उतरून घेतली. ती अठरा भरली. एका गवतापाशी मात्र काकू बराच वेळ थांबल्या; त्याचे नाव त्यांच्या ओठांवर येईना. वहीतील ती ओळ आम्ही कोरीच ठेविली आहे. वाचकांच्या घरी कोणी सांगणारे वडील माणूस असेल, तर त्यांनी आजच वही काढावी.